तू तेव्हा नव्हतीस

डिसेंबर लागला की आमच्या माळ्यावरून एक पिशवी खाली उतरते. खाकी कॅनव्हासची, एक बंद तुटून पुन्हा शिवलेला. तिचं नाव सवाईची पिशवी, आणि ती भरण्याचा अधिकार फक्त नानांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. तिच्यात फुगवायची उशी असते, जिच्यातली हवा दुसऱ्या कलाकारापर्यंत कशीबशी टिकते. कानटोपी असते. थर्मास, खडीसाखर, लवंगा, गुडघ्याला चोळायचं मलम आणि सासूबाईंच्या वेळची एक जाड शाल. शालीला डांबराच्या गोळ्यांचा असा खणखणीत वास असतो की शेजारची दोन माणसं आपणहून सरकून बसतात. ऊब हा तिचा दुय्यम उपयोग. सगळ्यात वर वही आणि पेन्सिल. पेन का नाही, तर पूर्वी पहाटेच्या गारठ्यात पेन उठायचं नाही म्हणून. आता पहाटही नाही नि तसा गारठाही नाही, पेन्सिल मात्र आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडी माहिती. (पुणेकरांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, तसंही ते तो चूक काढायलाच वाचतील.) किराणा घराण्याचे रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ साली गेले. पुढच्या वर्षापासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या नावानं पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यावर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. पण पुण्यात कुणी 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला चाललोय' असं म्हणत नाही. 'सवाईला चाललोय' म्हणतात. पंढरपूरला चाललोय म्हणावं त्याच चालीवर, आणि वारीइतकेच पाय दुखून परत येतात.

मला गाणं आवडतं, हे आधीच सांगून ठेवते. माझी तक्रार गाण्याबद्दल नाही. माझी तक्रार एका वाक्याबद्दल आहे. लग्न होऊन सोलापूरहून या घरात आले, तेव्हा पहिल्याच डिसेंबरात नानांनी मला सवाईला नेलं. मला फार आवडलं. परत येताना रिक्षात मी म्हटलं, "नाना, काय सुंदर झालं हो आजचं!" नाना बाहेर बघत म्हणाले, "हं. बरं झालं. पण तू तेव्हा नव्हतीस."

तेव्हा म्हणजे केव्हा, हे विचारायची सोय नसते. तेव्हा म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर एखादा अनवट राग असा सहज काढून समोर ठेवायचे, जसा आपण खिशातून रुमाल काढतो. तेव्हा म्हणजे कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन संपल्यावर टाळ्या वाजवायचं कुणाला सुचायचं नाही. तेव्हा म्हणजे किशोरीताई आमोणकरांचे तंबोरे लागेपर्यंत अख्खा मांडव श्वास धरून बसायचा. हे सगळं खरं असणार. माझ्याकडे यातल्या प्रत्येकाची ध्वनिमुद्रणं आहेत, मी ती कानाला लावून भाजी चिरते, आणि ऐकताना मलाही वाटतं की आपण तेव्हा असायला हवं होतं. अडचण अशी, की जन्मतारीख हा काही माझा निष्काळजीपणा नाही. नानांच्या सुरात मात्र तो असतो. जणू मी त्या रात्री सोलापुरात लवकर झोपले.

या सगळ्या 'तेव्हां'मध्ये एक 'तेव्हा' सगळ्यांच्या वरचा आहे. त्याला घरात 'ती पहाट' म्हणतात. सवाई तेव्हा रात्रभर चालायचा. तीन रात्री जागायच्या आणि शेवटच्या रात्रीनंतर उजाडता उजाडता भीमसेनजी गायला बसायचे. अशाच एका पहाटे ते जे गायले, ते पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून नाना पेन्शन सोडायला तयार आहेत. (फरकाची रक्कम नाही. ती यायची आहे.) त्या पहाटेला नानांचे एक मित्रही शेजारी होते. मुठेपलीकडे राहतात आणि दर रविवारी चहाला येतात. आल्यावर त्या पहाटेचा विषय निघतोच. नाना म्हणतात, तोडी होता. मित्र म्हणतात, ललत. नाना म्हणतात, रेणुका स्वरूपच्या मैदानावर. मित्र म्हणतात, छे, रमणबागेत. सालाबद्दल तर दोघांत सहा वर्षांचं अंतर आहे. एकमत फक्त एका गोष्टीवर आहे, ते म्हणजे आम्ही तेव्हा नव्हतो.

रमणबाग हा नानांचा दुसरा हळवा कोपरा. शनिवार पेठेतल्या त्या शाळेच्या मैदानावर सवाई वर्षानुवर्षं झाला. आमच्या घरून चालत सात मिनिटं. मध्यंतरात घरी येऊन पिठलं-भात खाऊन पुन्हा जागेवर जाता यायचं. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात गेला. मैदान मोठं, मांडव मोठा, सोय चांगली. नानांच्या मते मात्र गाणं पेठेबाहेर गेलं. मुकुंदनगर स्वारगेटच्या पलीकडे आहे, म्हणजे नानांच्या भूगोलात सासवडच्या अलीकडे. रिक्षावाला "तिकडून भाडं मिळत नाही" म्हणाला की नानांना आपल्या बाजूनं उभा राहणारा माणूस भेटल्याचा आनंद होतो. "बघ," ते मला म्हणतात, "याला कळतं, मंडळाला नाही."

आता मुख्य हाल सांगते. सवाईला खुर्च्या असतात आणि भारतीय बैठक असते. खुर्चीवर बसून गाणं ऐकणाऱ्यांविषयी नानांचं मत मी इथे लिहीत नाही, त्यांत आमचे दोन डॉक्टर आहेत. तेव्हा बैठक. दुपारी तीनच्या आत पोचायचं, कारण जागा धरायची. जागा धरायला काय ठेवायचं यालाही शास्त्र आहे. वर्तमानपत्र ठेवलं तर कुणीतरी उचलून वाचत बसतं आणि आपल्यालाच "राशिभविष्याचं पान कुठंय?" विचारतं. रुमाल ठेवला तर तो पुढच्या रांगेत जातो. चप्पल ठेवणं असंस्कृत. म्हणून माणूसच ठेवायचा, आणि आमच्या घरात तो माणूस मी.

पहिला कलाकार मी मांडी घालून ऐकते. तीनतालात सोळावी मात्रा झाली की सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा, एवढं मला नानांनी शिकवलंय. विलंबित एकतालात बारा मात्रा असतात हेही शिकवलंय, पण त्यातली प्रत्येक मात्रा इतकी लांब असते की मधे एक पाय झोपतो. तो मी हळूच लांब करते. तो समोरच्या बाईंच्या पाठीला लागतो. बाई वळून बघतात. मी नमस्कार करते. पाय लागला म्हणून, पण गवयाला वाटतं दाद दिली. दुसऱ्या कलाकाराला मी वज्रासनात जाते. तिसऱ्याला मी ज्या आसनात असते त्याला योगशास्त्रात नाव नाही. नाना शेजारी खांबासारखे ताठ. वय ब्याऐंशी. घरी खालून पेपर उचलायला त्यांना नातू लागतो, पण सवाईत पाच तास मांडी मोडत नाही. मी एकदा विचारलं, दुखत नाही का? म्हणाले, "दुखतं ना. पण तेव्हा जास्त दुखायचं. रात्रभर बसायचो."

बैठकीत शेजार नशिबानं मिळतो. एक गृहस्थ मांडीवर थाप मारून ताल धरतात. ताल त्यांचा स्वतःचा असतो. तबलजी समेवर येतो तेव्हा हे रस्त्यात कुठेतरी असतात, आणि हे पोचतात तेव्हा तबलजी निघून गेलेला असतो. पण चेहऱ्यावरचं समाधान असं, की चुकलं असेल तर तबलजीचंच. मागे एक बाई असतात, त्यांच्याकडे नेहमी कुरकुरीत पिशवी असते. गायक निषादावर थांबून षड्जाकडे निघाला, मांडवात पान हललं नाही, की नेमकी ती पिशवी उघडते. कुर्र. आत काय असतं? लिमलेटची गोळी. तिलाही कागद. एकदा नाना मागे वळून अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "बाई, षड्ज लागल्यावर खा." बाईंनी त्यांनाही एक गोळी दिली. नानांनी ती खाल्ली. आवाज न करता कशी सोलायची याचं प्रात्यक्षिक म्हणून खाल्ली, असं नंतर सांगितलं.

तंबोऱ्यांबद्दल सांगायचं राहिलं. नाना मूळचे मिरजेचे. मिरज हे तंबोरे करणाऱ्यांचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. त्यामुळे मांडवाच्या दुसऱ्या टोकाहूनसुद्धा तंबोरा किती केसभर उतरलाय हे आपल्याला कळतं, असा नानांचा दावा असतो. तंबोरे लागत असताना ते डोळे मिटतात आणि मान हलवत राहतात: नाही, नाही, अजून नाही. गवयाला लागला असं वाटलं तरी नानांना वाटत नाही. एकदा मी त्यांना सांगितलं, की मिरजेच्या तंबोऱ्याला भोपळा लागतो तो आमच्या पंढरपूरकडचा, भीमाकाठचा. म्हणजे निम्मा तंबोरा माझ्या माहेरचा. नाना डोळे न उघडता म्हणाले, "म्हणूनच वेळ लागतोय."

आणि मग दहा वाजतात.

हे वाक्य मी वेगळं लिहिलं, कारण आमच्या घरात ते असंच उच्चारलं जातं. उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना रात्री दहानंतर बंदी, हा नियम २००० सालचा. पुढे न्यायालयांनी तो कडक केला आणि सवाईची रात्र गेली. एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, तेवढीच. नियम योग्य आहे, हे मी स्वतःच्या जबाबदारीवर म्हणते. आमच्या गल्लीतल्या मांडवात स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात तेव्हा नानांनाही तो योग्यच वाटतो, चौकीला फोन तेच लावतात. पण सवाईच्या बाबतीत त्यांचं म्हणणं असं, की घड्याळानं रागांच्या पोटावर पाय आणला. दरबारी मध्यरात्रीचा, मालकंस उत्तररात्रीचा, ललत उजाडायच्या आधीचा. दहाच्या आत यांनी यायचं कुठून? उलट भीमपलास, मुलतानी, पटदीप या दुपारच्या मंडळींचे दिवस पालटले. पूर्वी मोठ्या महोत्सवात त्यांना कोण विचारत होतं? आता चार वाजता मांडव उन्हानं तापलेला असताना मुलतानी असा रंगतो, की मला तर वाटतं हा नियमाचा झालेला फायदाच आहे. हे मी नानांना बोलून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं मी दुपारच्या जेवणात शिळी पोळी वाढली.

यावर उपाय म्हणून नानांनी आणि मित्रांनी एक अर्ज तयार केला आहे. वर्षातून फक्त एक रात्र सवाईला पूर्ण मिळावी, पहाटेपर्यंत. अर्ज फुलस्केपवर आहे, सुवाच्य आहे, त्यात प्रहरांचं कोष्टक आहे, आणि शेवटी सह्या. सह्या गोळा करायचं काम काही वर्षं चालू आहे. अजून पहिलं पान भरलेलं नाही, आणि भरलं त्यातल्या तिघांपर्यंत आता पत्र पोचत नाही. माझी सही आहे. ती मी दिवाळीत, पुरणपोळ्या लाटताना, दबावाखाली केली.

"केसरबाई सुटल्या बघ," नाना एकदा म्हणाले. मला वाटलं आजारातून वगैरे. पण ते अंतराळाबद्दल बोलत होते. १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरच्या आवाजांची सोनेरी तबकडी आहे, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. यान ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलं. "तिथं दहाची भानगड नाही," नाना म्हणाले. माझ्या मुलानं शंका काढली, की तिथं हवाच नाही, ऐकू कसं येणार? नाना म्हणाले, "इथं हवा आहे, तर तुम्ही काय ऐकता?"

आता वहीबद्दल. नाना दर मैफलीची नोंद ठेवतात. कलाकार, राग, ताल आणि शेवटी शेरा. शेरे शाळामास्तरांचे. 'बरे.' 'ठीक.' 'माईक.' नुसतं 'माईक' म्हणजे काय हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. ज्याचं गाणं नावडलं पण ज्याच्या गुरूंबद्दल आदर आहे, त्याच्यापुढे 'माईक' लिहितात. 'उत्तम' मी एकदाच पाहिलं आणि ते कार्यक्रमाच्या मध्यंतरातल्या साबुदाणा वड्यांपुढे होतं. अशा वह्यांचा ढीग कपाटात आहे. दोन वर्षांपूर्वी घराला रंग काढला तेव्हा तो मी झटकत होते, आणि सत्तरच्या दशकातली एक वही हातात आली. मी पान उलटत गेले आणि 'ती पहाट' सापडली.

पान कडेनं पिवळं पडलंय, पेन्सिल फिकट झालीये, पण अक्षर वळणदार आहे. नोंद अशी: 'थंडी अतोनात. २.४० ला चहा, पाणचट, दर वाढवला आहे. पाय आखडले. मागचा गृहस्थ सारखा खोकत होता. पहाटे भीमसेन. तोडी? (डोळा लागला.) शेजारी हुबळीकडचे एक म्हातारे. म्हणाले, गाणं ठीक, पण रामभाऊंना ऐकलं असतंत तर. तुम्ही तेव्हा नव्हता.'

मी ते तीनदा वाचलं. मग वही होती तिथे ठेवली, वरची धूळसुद्धा जवळपास तशीच. संसारात काही शस्त्रं चालवायची नसतात, ती कुठल्या खणात आहेत एवढं ठाऊक असलं की झोप चांगली लागते. तेव्हापासून नानांनी ते वाक्य म्हटलं की मी मोठ्या मायेनं म्हणते, "खरंय नाना. तुम्ही भाग्यवान. डोळ्याला डोळा लागला नसेल." नाना म्हणतात, "अर्थात!"

हा आजार फक्त शास्त्रीय संगीताचा आहे असं कुणी समजू नये. माझ्या नवऱ्याचा 'तेव्हा' म्हणजे १ नोव्हेंबर १९९६, अंधेरीचं क्रीडासंकुल, मायकल जॅक्सन. कॉलेजला दांडी मारून पुण्याहून गेला होता. तो आजही सांगतो की आयुष्यात तेवढी एक संध्याकाळ परत मिळावी. मी विचारलं, दिसला का? म्हणाला, दिसला म्हणजे काय, एक पांढरा ठिपका होता. म्हटलं, तो मायकलच होता कशावरून? म्हणाला, लोक ओरडत होते त्यावरून. बाकी सगळं पडद्यावर पाहिलं. म्हणजे जे टीव्हीवर दिसलं असतं ते हा दोन किलोमीटर चालून, पाकीट मारून घेऊन, शेवटची लोकल चुकवून, दादर स्टेशनच्या बाकड्यावर झोपून पाहून आला. आणि ते बाकडंसुद्धा त्याला परत हवंय. मी ऐकलेल्या अशा सगळ्या मैफलींत काहीतरी दुखत असतं, काहीतरी हरवतं आणि चहा हमखास वाईट असतो. चांगल्या खुर्चीत बसून, वेळेत घरी येऊन झालेली मैफल परत हवी असं म्हणणारा माणूस मला भेटायचाय.

माझी स्वतःची? नानांसमोर मी कधी काढत नाही. सोलापूरला आमच्या पेठेतल्या गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा. मी आठवीत. एकच गायक पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात द्वंद्वगीत म्हणायचा. पुरुषाच्या ओळीला डावीकडे वळायचा आणि बाईच्या ओळीला उजवीकडे, डोक्यावर रुमाल घेऊन. ऐन कडव्यात लाइट गेली. कीबोर्ड गेला, माईक गेला, स्टेजवरची झगमग गेली. तो थांबला नाही. ढोलकीवाला थांबला नाही. लोकांनी मोटारसायकली वळवून स्टेजवर दिवे सोडले, आणि त्या पिवळ्या उजेडात, नुसत्या घशावर, त्यानं दोन्ही आवाजांत ते गाणं पुरं केलं. आमचे आजोबा, जे ऑर्केस्ट्राला थिल्लरपणा म्हणायचे, ते गच्चीतून "वन्स मोर" ओरडले. सूर लागला होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पिशवीत भरून न्यावं असं काही त्यात नव्हतं. पण यान कुठे जाणार असेल तर मी ते पाठवीन.

२०२४ च्या सवाईला मात्र एक वेगळंच झालं. महोत्सव १८ डिसेंबरला सुरू व्हायचा होता आणि १५ तारखेला झाकिरभाई, म्हणजे तबलानवाज झाकिर हुसेन, गेल्याची बातमी आली. मांडवात चहाच्या रांगेत जो तो तेच बोलत होता. कुणी त्यांना तबल्यावर आगगाडी काढताना ऐकलं होतं, कुणी डमरू आणि शंख, कुणाला त्यांनी विंगेतून जाताना हसून नमस्कार केला होता. आमच्या ताल चुकणाऱ्या गृहस्थांकडेही आठवण होती, मला माझी सांगता आली, कॉलेजच्या पोरापोरींना त्यांची. त्या रांगेत ते नेहमीचं वाक्य कुणी कुणाला ऐकवलं नाही. ऐकवणार कुणाला? सगळेच तेव्हा होते. नानांनी चहा घेतला, एक घोट पिऊन म्हणाले, "पाणचट आहे," आणि तो सगळा संपवला.

त्याच वर्षी आमचे चिरंजीव पहिल्यांदा सवाईला आले. स्वखुशीनं नव्हे. सप्टेंबरात कोल्डप्ले या इंग्लंडच्या बँडची तिकिटं निघाली होती, जानेवारीत नवी मुंबईला कार्यक्रम. रविवारी दुपारी बारा वाजता घरातले पाचही फोन, लॅपटॉप आणि शेजारच्या काकूंचा टॅब डायनिंग टेबलावर मांडून तो बसला. बाराला एक मिनिट असताना सगळ्यांना गप्प बसवलं. बाराला पडद्यावर आकडा आला: रांगेत पुढे काही लाख माणसं. नाना चष्मा लावून बघायला आले. "ही रांग कुठं आहे?" म्हणाले. कुठेच नाही, आजोबा. "मग रुमाल टाकून उठता येईल की." संध्याकाळपर्यंत आकडा हलला तेवढा हलला, आणि मग कुणा मित्राच्या मित्राच्या नशिबानं दोन तिकिटं सुटली. एकाचे पैसे कमी पडत होते. ते नानांनी दिले, या अटीवर की डिसेंबरात सवाईची एक अख्खी संध्याकाळ, बैठकीत, फोन बंद.

पोरगा एकोणीस वर्षांचा, फुटबॉल खेळतो. चाळीस मिनिटांत त्याचे दोन्ही पाय गेले. मी त्याला माझं तिसऱ्या कलाकाराचं आसन शिकवलं. तो शेवटपर्यंत बसला, अट पाळली, एकदा तर तबल्याची तिहाई पडली तेव्हा "ओह!" असं मोठ्यानं ओरडला. समोरच्या बाई वळल्या. नानांनी त्या बाईंकडे असं पाहिलं, की त्या पुन्हा वळल्या नाहीत. रिक्षात त्यानं विचारलं, "आजोबा, आजचं चांगलं होतं ना?" मी श्वास धरला. नाना म्हणाले, "बरं होतं. पण तू तेव्हा..." एवढ्यात रिक्षा खड्ड्यात गेली.

जानेवारीत तो नेरूळच्या मैदानावरून परत आला तो घसा बसलेला आणि दोन दिवस तंद्रीत. तिसऱ्या दिवशी नाना-नातू शेजारी बसून फोनवर व्हिडिओ बघताना मला दिसले. व्हिडिओत गाणं फारसं नव्हतं, चिरंजीवांचं ओरडणं होतं. "हे हातात काय चमकतंय सगळ्यांच्या?" नानांनी विचारलं. पट्टा असतो आजोबा, गाण्याबरोबर आपोआप रंग बदलतो, जाताना परत द्यायचा. "म्हणजे दाद द्यायचं कामसुद्धा तुमच्याकडे ठेवलं नाही." तरी बघत राहिले. एका ठिकाणी हजारो माणसं एकाच सुरात गात होती, तिथे त्यांनी फोन कानाशी धरला. "एवढी माणसं असून बेसूर नाहीत रे." मग म्हणाले, "पुढचं लाव."

"पुढचं नाहीये. संपलं इथे."

"एवढ्यात? किती वाजले होते?"

"दहा. दहाला बंद करावं लागतं ना."

नानांनी चष्मा काढला. "त्यांनासुद्धा? एवढ्या लांबून बोलावून?"

"नियम आहे आजोबा. सगळ्यांना सारखा."

नाना उठले. गुडघ्यावर हात न टेकता उठले, हे मी पाहिलं. फोनवरून मित्रांना लावलं. "अरे ऐक, त्या इंग्रजांनाही दहाला उठवलं! हो, ऐन रंगात... नाही, राग विचारू नकोस, ते सोड. अर्ज कुठं आहे तुझ्याकडे का माझ्याकडे?" अर्ज आमच्याच कपाटात होता. त्यांनी तो नातवापुढे ठेवला, प्रहरांचं कोष्टक समजावलं, खाली बोट ठेवून सही कुठे करायची ते दाखवलं. त्यानं केली. नाना त्या सहीकडे बघत होते, पानावर खाली उरलेल्या मोकळ्या जागेकडे बघत होते.

"बरं मला सांग," ते म्हणाले, "तुझ्या त्या रांगेत किती लाख होते म्हणालास?"